लाल बिन आणि पाळणा

बायको गेली तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच उत्तर देत होतो. जेवण जातं का? बरंय. झोप लागते का? बरंय. एकट्याला करमतं का? बरंय. माणसांचं समाधान व्हायचं, चहा पिऊन निघून जायची. लेकीनं हे काही दिवस गप ऐकून घेतलं आणि एका रविवारी चऱ्होलीहून येताना रिक्षात एक जुना कॉम्प्युटर घालून आणला. काळेवाडीतल्या आमच्या घरात तिच्या आईचं शिलाई मशीन आहे, त्याच्या शेजारी मांडला.

"आप्पा, भिंतीकडं बघत बसता ते ह्याच्याकडं बघा."

"भिंत वीज खात न्हाई."

"भिंत उत्तर पण देत नाही."

ह्या बाबतीत ती आईवर गेली आहे. शेवटचा शब्द तिचा.

मी सातवी शिकलेला माणूस. इंग्रजी वाचता येतं म्हणजे अक्षरं जुळवता येतात, कारण चाकणच्या कंपनीत जी लेबलं आयुष्यभर चिकटवली ती इंग्रजीत होती. गाड्यांना लागणारे पत्र्याचे पार्ट आम्ही प्रेसवर ठोकून काढायचो. आधी मी प्रेसवर होतो, नंतर कान आणि गुडघे कामातून गेले तेव्हा तपासणीच्या टेबलावर आलो. शाळा कमी, पण मशीनला मी कधी घाबरलो नाही. आत काय जातं, बाहेर काय येतं आणि खराब निघालं तर ते कुठं पडतं, एवढं कळलं की कुठलंही मशीन कळतं. बाकी सगळा रंग.

लेकीनं जे शिकवायला घेतलं त्यात चित्रं नव्हती, बोट मारायचं काही नव्हतं. नुसती काळी खिडकी आणि लुकलुकणारी एक रेघ. आयटीत ती दिवसभर ह्याच खिडकीसमोर बसते म्हणे.

"चित्रांवर बोट मारायला कुणालाही येतं," ती म्हणाली. "तुम्ही इथं हुकूम लिहायचा. आयुष्यभर हुकूम ऐकले, आता द्या."

हे मला पटलं.

पहिलं भांडण पहिल्याच दिवशी झालं. तिनं सांगितलं, दोन फोल्डरांत काय आहे ते विचारा. मी विचारलं. त्यातला एक फोल्डर नव्हताच, तो तिनं मुद्दाम खोटा सांगितला होता. खिडकीत एका फोल्डरातली नावं आली आणि त्यांच्यातच एक तक्रारही आली, की दुसरा सापडत नाही.

"हे काय?" मी म्हणालो. "चांगला माल आन् रिजेक्ट एकाच पट्ट्यावर? आमच्या सुपरवायझरनं उभं चिरलं असतं."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणाली, "वाटा वेगळ्याच आहेत, आप्पा. एक नंबरच्या वाटेनं कामाचा माल बाहेर येतो, दोन नंबरच्या वाटेनं तक्रार. दोन्हींचं तोंड ह्या खिडकीत उघडतं, म्हणून तुम्हाला एकत्र दिसतं. पाहिजे तिकडं वळवा की."

वळवायला एक बाण असतो, > असा. हुकमाच्या पुढं नुसता बाण आणि फायलीचं नाव लिहिलं, की एक नंबरचा माल गपचूप फायलीत जाऊन पडतो. तक्रार मात्र खिडकीतच येत राहते, तिला त्या बाणाचं काही नाही. तिला वळवायची तर 2> लिहायचं, आकडा आणि बाण चिकटून. दोघांना एकाच फायलीत घालायची पण युक्ती आहे, 2>&1 म्हणून. ती मी शिकून घेतली आणि वापरली नाही. चांगल्यात खराब मिसळायला मला पगार मिळत नव्हता.

आमच्याकडं प्रत्येक प्रेसजवळ एक लाल बिन असायचं. खराब पार्ट निघाला की त्यात. सकाळी सुपरवायझर, टूलरूमचा माणूस आणि ऑपरेटर त्या लाल बिनाभोवती उभे राहायचे आणि एकेक पार्ट हातात घेऊन बघायचे. हा इथं चिरला, ह्याच्या कडेला पत्र्याची बोचरी बर आली, हा नुसताच वाकडा. त्यात शिव्या व्हायच्या, एकमेकांच्या गावाचा उद्धार व्हायचा, पण बिनाकडं पाठ करून कुणी जायचं नाही. आणि एक नियम पक्का. पाळी बदलली की पहिला ठोका पडायच्या आधी लाल बिन रिकामं करायचं. मागच्याची घाण आपल्या नावावर चढू नये म्हणून. ही सवय माझ्या हातात इतकी मुरली होती की घरीसुद्धा मी भाजी निवडायला बसलो तर आधी कचऱ्याचा डबा रिकामा करून यायचो. बायको म्हणायची, "अवो, चार देठांसाठी रस्त्यावर कशाला जायलाव?"

लेकीनं मला आणखी एक जागा दाखवली होती. डेव्ह-नल. ती फाइल दिसते, पण तिला तळ नाही. तिच्यात जे टाकाल ते गेलं. तिच्या हाफिसातली काही पोरं तक्रारींची कटकट नको म्हणून दोन नंबरची वाट सरळ तिथं सोडून देतात. खिडकी कशी स्वच्छ.

"मग खराब काय निघालं ते कळतं कसं?"

"नाही कळत. नंतर एकदम कळतं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही तेच करताय, आप्पा. विचारलं की बरंय. बाकीचं सगळं डेव्ह-नल."

मी चहा टाकायला उठलो.

आता बायकोच्या आवाजाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यासाठी चाललं होतं.

कंपनीत फोन आत नेता येत नव्हता. गेटवर लाकडी खण होते, त्यात ठेवायचा आणि पाळी सुटल्यावर घ्यायचा. बायकोला हे पक्कं माहीत होतं, तरी ती दिवसभर माझ्याशी फोनवर बोलायची. लिहायचा तिला कंटाळा. बटण दाबून बोलायचं आणि सोडून द्यायचं. मी संध्याकाळी गेटबाहेर बसची वाट बघत ते सगळं ओळीनं ऐकायचो. सकाळचा राग, दुपारचा निवलेला राग, चार वाजताची कोथिंबीर. ती बीडकडची. "अवो, येताना कोथमीर आणा. मागच्या बारीसारखी म्हातारी नका आणू, घरात एक म्हातारी हाय." मी तिथंच एकटा हसायचो आणि बसमधला क्लीनर म्हणायचा, "काका, आज परत काकूंनी झाडलं वाटतं."

ते सगळे आवाज माझ्या जुन्या फोनच्या कार्डात होते. बोटाच्या नखाएवढं कार्ड. फोन बंद पडला होता, कार्ड मी काढून तिच्या मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डबीत ठेवलं होतं. दुसरीकडं कुठं नक्कल नव्हती. तिचा स्वतःचा फोन त्याच्या आधीच धुण्याच्या बादलीत जाऊन मेला होता. आणि ती गेल्यापासून मी त्यातला एकही आवाज ऐकला नव्हता. ऐकला असता तर बरंय म्हणता आलं नसतं.

मग लेकीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माहेरी करणारी बाई उरली नव्हती, म्हणून ते चऱ्होलीला सासरीच झालं, विहीणबाईंनी केलं. त्यांनी फार नीट केलं, उगाच का खोटं बोलू. बारसं गुरुवारी ठरवलं, कारण जावई चाकणला कंपनीत आहे आणि आमच्या ह्या पट्ट्यात कंपन्यांचा सुट्टीचा रविवार गुरुवारी येतो.

लेकीचा फोन आला. "आप्पा, आईचा भोंग्याचा पाळणा तुमच्याकडं आहे ना? मला चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. मला तोच पाहिजे. आईच्या आवाजात."

हा पाळणा तिच्या आईनं स्वतः रचला होता. लेक पाळण्यात होती तेव्हा आम्ही कंपनीला लागून एका खोलीत राहायचो. भोंगा झाला की मी उठून पळत सुटायचो आणि डबा विसरायचो. डबा घेऊन ही मागून गेटावर. वॉचमन हसायचा. त्याच्यावर हिनं पाळणा केला. पुढं बऱ्याच वर्षांनी शेजारच्या बारशात बायांनी तिला म्हणायला लावला, तेव्हा घरी येऊन पुन्हा सगळा म्हटला आणि मला पाठवला. गेटवर मी फोन उघडला तर पहिलं वाक्य, "घ्या, तुमची बदनामी ऐका."

"हाय माझ्याकडं," मी लेकीला म्हणालो. "गुरुवारी वाजवू."

कार्ड लावलं आणि कळलं की वाजवू म्हणणं सोपं होतं. पहिलाच आवाज काढायला गेलो तर कॉम्प्युटर आचके द्यायला लागला आणि तक्रार आली की वाचता येत नाही. लेकीला फोन केला. ती बाळंतिणीच्या खोलीत, कानाला फडकं बांधून, मागं पोर रडतंय.

"आप्पा, थांबा! परत परत लावू नका. ते कार्ड मरायला टेकलंय. जेवढ्यांदा वाचाल तेवढं आणखी खराब होईल. एकदाच सगळं ओढून घेऊ. येतील ते येतील. जे येणार नाहीत त्यांची तक्रार दोन नंबरमधून वेगळ्या फायलीत धरा. मग फक्त तेवढ्यांच्याच मागं लागू."

"म्हंजे लाल बिन."

"हो, लाल बिन."

तिनं फोनवर एकेक अक्षर सांगितलं आणि मी एका बोटानं ते लिहिलं. हुकमांची अशी चिठ्ठी लिहून ठेवली की ती एकदाच चालवायची, त्यातले हुकूम ओळीनं आपोआप होतात. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. आमची स्क्रिप्ट कार्डातला एकेक आवाज कॉम्प्युटरात आणायची, आला की त्याचं नाव बाहेर लिहायची, आणि एखादा मधेच तुटला तर अर्धवट आलेला तुकडा पुसून टाकायची. तुटके पार्ट चांगल्यात नकोत, असं तिचंच म्हणणं. मी ती अशी चालवली:

./awaj.sh > ale.txt 2> rahile.txt

आले ते एका फायलीत, राहिले ते दुसऱ्या. खिडकीत एक अक्षर आलं नाही, कारण दोन्ही वाटा मी वळवल्या होत्या. दुपारचं जेवण झालं तरी ते चालूच होतं. संपल्यावर दोन्ही फायली उघडल्या. आलेल्यांची यादी लांबलचक होती. राहिलेल्यांची थोडी, पण होती.

आता पाळणा कशात आहे? आवाजांची नावं म्हणजे नुसते आकडे, आत काय आहे ते त्यावरून कळत नाही. म्हणजे आलेले सगळे ऐकायचे. दुसरा इलाज नव्हता. मी खुर्ची ओढली, आवाज पूर्ण मोठा केला, माझे कान प्रेसनं खाल्लेत, आणि सुरू केलं.

"अवो, गॅस संपला." "अवो, तुमच्या भावाचा फोन आलता, पैशाचं बोलायलाय वाटतं, तुम्ही उचलू नका." "अवो, पोरीचा निकाल लागला, पास झाली, पेढे आणा, पण मला इचारू नका कसले, कळत असंल ना."

दारात कुणीतरी उभं राहिलं. भिंतीपलीकडची शेजारीण, बायकोची मैत्रीण, दोन्ही हात पिठाचे. तोंड पांढरं पडलेलं.

"दादा, कोण आलंय?"

मी म्हणालो, "कोण न्हाई. कॉम्प्युटर हाय."

ती आत आली, तसेच पिठाचे हात धरून खाली बसली. मी थांबवलं नाही. आम्ही दोघांनी ऐकलं. एकात बायको तिच्याविषयीच बोलत होती, शेजारणीनं वाटीभर साखर नेली ती परत आणली नाही म्हणून.

"आणली होती!" शेजारीण उसळून म्हणाली. "संक्रांतीला आणून दिली होती की! सांगा तिला!" आणि मग पदर पिठासकट डोळ्याला लावला.

संध्याकाळपर्यंत आलेले सगळे ऐकून झाले. पाळणा त्यात नव्हता. म्हणजे तो लाल बिनात होता.

दुसऱ्या सकाळी, कार्ड थंड असताना, राहिलेल्यांच्या मागं लागायचं ठरलं. लेकीनं दुसरी स्क्रिप्ट सांगितली होती. ती राहिलेल्यांची फाइल उघडून त्यातल्या तक्रारींतून नावं वाचणार आणि तेवढेच आवाज परत ओढणार. ती चालवायची कशी, हे मात्र मी तिला विचारलं नाही. बाळंतिणीला सकाळी सकाळी कशाला उठवा. आणि मला येत होतं.

मी लिहिलं, आलेले आधीच्या यादीखाली जोड. त्यासाठी दोन बाण असतात, >> असे. आणि राहिलेले? नवी पाळी, नवा ठोका. हातानं आपोआप लिहिलं, 2> rahile.txt. बटण दाबलं.

दाबतो न दाबतो तोच संपलं. राहिलेल्यांची फाइल उघडली. कोरी. एक तक्रार नाही. शून्य रिजेक्ट! कंपनीत असं झालं असतं तर सगळ्या लाइनीला पेढे वाटले असते. मी ताठ बसून लेकीला फोन लावला.

"आले सगळे. एक राह्यला न्हाई."

"इतक्यात?" ती म्हणाली. "आप्पा, आलेल्यांची यादी वाढली का?"

बघितलं. काल होती तेवढीच होती.

पलीकडं तिनं पोराला खाली ठेवलं. मग हळू विचारलं, "दोन नंबरला एक बाण लावलात का?"

"लावला. नवी पाळी हाय."

"आप्पा, एक बाण दिसला की कॉम्प्युटर आधी ती फाइल पुसतो. मग काम सुरू करतो. स्क्रिप्ट नावं वाचायला गेली तोवर फाइल कोरी झाली होती. तिला काही कामच उरलं नाही. आणि कामच नाही तर तक्रार कसली?" तिचा आवाज फुटला. "दुसरी फाइल द्यायची होती हो. वेगळं नाव."

मी लाल बिन रिकामं केलं होतं. पहिला ठोका पडायच्या आधी, नियमानं. फक्त आज त्या बिनातलेच पार्ट परत ठोकायचे होते.

"रडू नकोस," मी म्हणालो. "दूध आटंल."

"परत सगळं कार्ड वाचायचं म्हणजे ते मरेल, आप्पा. गुरुवार परवा आहे."

"सगळं कशाला वाचायचं? नुसती नावं वाचता येतात का, आतला माल न उचलता?"

ती नाक ओढत म्हणाली, "येतात. नावं कार्डावर वेगळ्या जागी असतात. त्याला फार जोर लागत नाही."

"मग स्टोअरनं पत्रे किती दिले ते कळलं, चांगले किती निघाले ते आपल्याकडं लिहिलंय. उरले ते कुठले?"

"वजाबाकी," ती म्हणाली, आणि रडायचं थांबून हुकूम सांगायला लागली. दोन याद्या समोरासमोर धरून एकीत आहे आणि दुसरीत नाही तेवढंच काढणारा हुकूमही असतो. हे मला माहीत नव्हतं आणि माझ्या कंपनीलाही माहीत नसणार, नाहीतर स्टोअरवाल्याची वर्षअखेरीची बोंब वाचली असती.

पण कार्डच लागेना. आत घातलं, काही नाही. काढलं, घातलं, काही नाही. मशीनच्या खणातून बायकोचं खोडरबर काढलं, कापडावरच्या खुणा पुसायचं, आणि कार्डाचे पिवळे दात हलक्या हातानं घासले. फुंकर मारली. घातलं. लागलं. नावं आली, ती मी लगेच फायलीत धरली. वजाबाकी केली. राहिलेल्यांची यादी परत उभी राहिली.

ह्या वेळी दोन नंबरला नवी फाइल दिली. त्यातून जे राहिले त्यांना पुढच्या वेळी आणखी नवी. मधे कार्ड काढून थंड करायचं, मग परत. एकेक करत येत गेले. कोथिंबीर आली, लाइट बिल आलं, तिच्या माहेरच्या लग्नाचं आलं. दर वेळी मी ऐकत होतो आणि दर वेळी पाळणा नव्हता. शेवटी लाल फायलीत एकच नाव उरलं. ते काही केल्या येईना.

"आप्पा, राहू द्या आता," लेक म्हणाली. "एवढे आले, पुष्कळ झाले."

"तुझ्या स्क्रिप्टमधी ती पुसायची ओळ हाय ना? अर्धवट तुकडा पुसून टाकायची?"

"हो."

"ती काढायची."

"अर्धाच येईल मग."

"अर्धा तर अर्धा. तुझी आई पुरं बोलायची का कधी? मधेच कुकर व्हायचा."

ओळ काढली. चालवलं. कॉम्प्युटर बराच वेळ घुटमळला. लाल फायलीत तक्रार आली ती आलीच, वाचता येत नाही म्हणून. पण ह्या वेळी फोल्डरात एक तुकडा पडला होता. कार्ड त्यानंतर पुन्हा लागलं नाही, खोडरबरालाही नाही.

मी तो तुकडा लगेच वाजवला नाही. तोंड धुतलं, शर्ट बदलला, मग वाजवला. "घ्या, तुमची बदनामी ऐका," ती म्हणाली.

गुरुवारी शेजारणीला घेऊन चऱ्होलीला गेलो. विहीणबाईंनी हॉलमध्ये पाळणा टांगला होता, झेंडूच्या माळा, खाली बायका दाटीनं बसलेल्या. आम्ही पुरुष दाराशी आणि गॅलरीत. नाव कानात सांगून झालं, पाठीत धपाटे घालून झाले, मग लेकीनं फोन एका डबड्या स्पीकरला जोडला आणि सगळ्यांना गप केलं.

माझी बायको बोलली. बदनामीचं ऐकून बायका हसल्या. मग ती गायला लागली.

*भोंगा झाला, जो जो गं, बाप तुझा पळाला,*
*उलट्या चपला घालून, जो जो गं, टोपी इसरला.*
*डबा ऱ्हायला चुलीवर, जो जो गं…*

आणि तिथं तुटलं. मला माहीत होतं तुटणार, लेकीलाही माहीत होतं. बाकीच्यांना नव्हतं. पाळण्याची दोरी लेकीच्या हातात तशीच थांबली.

शेजारीण म्हणाली, "गॅस बघायला गेली असंल. अशीच उठायची मधेच."

कुणीतरी हसलं, कुणीतरी डोळे पुसले. विहीणबाईंनी विचारलं, "पुढचं येतं का कुणाला? पाळणा अर्ध्यात सोडू नये." लेकीनं मान हलवली. तिला शब्द येत नव्हते. ते शब्द जगात आता एकाच माणसाला येत होते, आणि तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

मी चपला काढून आत गेलो. बायकांनी पाय आखडून वाट दिली.

"अवो दादा," शेजारीण म्हणाली, "बाप्या माणसानं पाळणा म्हणायचा असतो का?"

"बदनामी माझी हाय. मीच सांगतो."

माझा आवाज म्हणजे तेल न घातलेला प्रेस. पण चाल पक्की होती, इतक्या वेळा गेटवर ऐकली होती.

*…मायनं गेटाशी नेला,*
*वॉचमन म्हने वयनीबाय, जो जो गं, रोजचाच हा घोटाळा!*

हसण्यानं खोली भरली. पोर दचकलं आणि रडलं नाही, माझ्याकडं टक लावून बघत राहिलं. लेकीनं दोरी ओढली. हसत होती आणि गाल भिजलेले होते, आणि तिनं ते पुसले नाहीत.

नंतर घुगऱ्या वाटल्या. विहीणबाई माझी वाटी घेऊन जवळ आल्या, वाकून हळू म्हणाल्या, "दादा, बरं आहे ना?"

लेक पलीकडून बघत होती. मी वाटी घेतली, एक घास खाल्ला.

"बरं न्हाई," मी म्हणालो. "तिची लई आठवण येती. आन् घुगऱ्या खारट झाल्यात."

"मीठ मी घातलंय," विहीणबाई म्हणाल्या.

"मग हात आवरा जरा," मी म्हणालो, आणि वाटी पुन्हा पुढं केली.